मिशनची आमटी आणि माझ्या घरचं पाणी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा मी सांगायला लागले की मधे कुणी फिदीफिदी केलेलं मला खपत नाही. चहा घ्या. बशीत ओता, निवेल लवकर. आणि ऐका, शहाण्या बाईनं स्वतःच्या तोंडानं स्वतःसाठी खड्डा कसा खणावा ते! दुसऱ्या कुणाचं नाही, माझंच सांगते आहे.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत मला सगळे अक्का म्हणत. माझ्याहून वयानं मोठे होते तेसुद्धा. शाळेची पायरी मी कधी चढले नाही. वाण्याकडून आलेल्या पुड्यांचे कागद मांडीवर सरळ करून करून अक्षर लावायला शिकले, आणि मग काय विचारता! पेठेत कुणाचं पत्र आलं, वाचायला अक्का. कुणाचं भांडण पेटलं, मिटवायला अक्का. कधी कधी पेटवायलासुद्धा अक्काच. पण एक होतं. बोललेला शब्द मी कधी मागं घेतला नाही. चुकीचा असला तरी नाही! नवरा गेल्यावर घर मी एकटीनं ओढलं होतं. मुलगा मल्लप्पा गिरणीत, सून पार्वती घरात. दोघंही माझ्यापुढं मान वर करत नसत. निदान माझी तशी समजूत होती.

त्या साली पावसानं तोंड फिरवलं. अक्कलकोट, दुधनीकडची माणसं मुलंबाळं घेऊन सोलापुरात येऊ लागली. माझ्या माहेरच्या नात्यातली चंद्रव्वाही आली, दोन लेकरं काखेला मारून. मी तिला गोठ्याशेजारची पडवी दिली. छाती पुढं काढून म्हटलं, "माझं घर हाय तवर तुला कुनापुढं हात पसरायचं कारन न्हाई."

हे बोलायला सोपं होतं हो. कोठीतली ज्वारी काही माझ्या बोलण्यानं वाढत नव्हती. भाकऱ्या पातळ होत चालल्या होत्या, आणि चंद्रव्वाला ते दिसत होतं.

तेवढ्यात सात रस्त्याच्या पलीकडच्या माळावर मिशनची माणसं आली. एक गोरा पाद्रीसाहेब, त्याची मडम आणि नगरकडची ख्रिस्ती पोरं. गावाकडून आलेल्यांना डोक्यावर छप्पर हवं म्हणून त्यांनी खोल्यांची ओळच्या ओळ बांधायला घेतली. साहेब स्वतः कोट काढून मातीची घमेली उचलायचा! उन्हानं त्याचं नाक गाजरासारखं झालेलं. काम करील त्याला ज्वारी, आणि दुपारी सगळ्यांना जेवण. काम न झेपणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही.

चंद्रव्वानं एक दिवस भीत भीत विचारलं, "अक्का, मी बी जाऊ का घमेली उचलायला?"

"काय गरज हाय?" मी म्हटलं. झालं. विषय संपला. माझ्यापुरता.

पण शेजारच्या काशीबाईच्या तोंडाला कधी विश्रांती होती? ती येऊन कानाशी लागली, "अक्का, त्या आमटीत कायतरी टाकत्यात म्हनं. चार दिस खाल्ली की मानूस आपसूक येशूचं नाव घ्याया लागतंय!"

"तुला कुनी सांगितलं?"

"सगळेच म्हनत्यात की."

आता हे असं कुणी म्हटलं की आधी खरंखोटं करावं की नाही? वाचता येणाऱ्या बाईनं तरी करावं! पण माझ्या अंगात आलं. संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर बायका जमल्या होत्या. मी मधोमध उभी राहिले आणि हात वर करून सांगितलं, "ऐका गं समद्याजणी! जो कोनी मिशनचं अन्न तोंडात घालंल, त्याला माझ्या घरचं पानी न्हाई! मग तो कुनी का असंना!"

बोलले मी, आणि माझ्याच अंगावर काटा आला. पार्वती मागं उभी होती. तिनं फक्त पदर सारखा केला.

एवढ्यावर थांबले असते तर हा किस्सा झालाच नसता. पण मला पुरावा हवा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी काशीबाई आणि आणखी चार बायका घेऊन मी निघाले माळावर. बायकांना कुंपणाबाहेर लिंबाखाली उभं केलं. म्हटलं, "तुमी हितंच थांबा. साक्षीला."

आणि मी आत घुसले.

स्वयंपाकाची जागा म्हणजे चार बांबूंवर गोणपाट. खाली तीन दगडांच्या चुली आणि त्यावर ही मोठाली पातेली. याकोब नावाचा एक लुकडा माणूस डोळे पुशीत आमटी हलवत होता. धुरानं तो रडत होता की आपल्या स्वयंपाकाला, देव जाणे.

"काय टाकलंयस ह्यात?" मी ओरडले.

तो दचकला. "डाळ, बाई."

"आनि?"

"पाणी."

"आनि?"

"मीठ."

"खोटं! आनखी काय टाकलंय ते सांग. मला फसवायचं काम न्हाई. जिभेवर नुसता थेंब ठिवला तर आमटीत काय काय पडलंय ते सांगीन मी! मसाला कुनी कुटला ते बी सांगीन!"

तो बिचारा थकलेला. त्यानं पळी भरून माझ्यापुढं केली. "मग ठेवा की जिभेवर, अक्का, आणि सांगा."

आणि मी ठेवला!

अहो, बघता काय असे? ठेवला! माझ्या जिभेची परीक्षा निघाली होती ना! त्या क्षणी कुठला कट्टा आणि कुठला शब्द! चाखली, डोळे मिटले, पुन्हा चाखली. पळी संपली.

आणि माझं टाळकंच फिरलं. त्या आमटीत काहीच नव्हतं हो! येशू नाही, जादू नाही, अन् हळदसुद्धा नाही! नुसतं पिवळट पाणी आणि तळाला रुसून बसलेली डाळ.

"ही आमटी हाय?" मी याकोबला धरलं. "बैल धुतलेलं पानी ह्याच्यापरीस बरं! दिसभर दगड उचलनाऱ्या मानसांना हे घालतोस? काळं तिखट कुटं हाय? लसूण कुटं हाय? शेंगदान्याचा कूट?"

"नाही, अक्का. मी सुतार आहे. स्वयंपाकाला कुणी मिळेना म्हणून..."

"सुतार हायस तर रंधा मार जा तिकडं! हो बाजूला!"

झालं! पदर खोचला. याकोबला पळवला लसूण-तिखट आणायला. तोवर मी चुलीतली लाकडं मागं ओढली, डाळ चांगली घोटली. सामान आल्यावर अशी फोडणी दिली की बांधकामावरचे गवंडी ओळंबा सोडून बघायला लागले. वास पार सात रस्त्यापर्यंत गेला असेल. कुंपणापलीकडं उभ्या असलेल्या बायका तर मला आठवतही नव्हत्या.

पंगत बसली. मी वाढत निघाले. एका जर्मनच्या पत्र्याच्या ताटलीपुढं पळी नेली आणि वर बघते तर काय? चंद्रव्वा! दोन्ही बाजूंना दोन लेकरं. बाईचा चेहरा पांढराफटक.

"अक्का... मी सांगनार व्हते..." ती कशीबशी म्हणाली. "आज पयलाच दिस हाय. तुमची कोठी रिकामी हुया लागलीया. किती दिस खायचं तुमचं?"

मी तिला फाडून खाणार होते, अगदी तोंड उघडलं होतं. पण हातातली पळी कुणाची? माझी. तिच्यातली आमटी कुणी केलेली? मी. तोंड मिटलं आणि वाढली. धाकट्याला दोनदा वाढली.

एवढ्यात पाद्रीसाहेब आला. तुम्ही त्याचं मराठी ऐकायला हवं होतं. आपल्या कीर्तनकारानं हात जोडावेत असं! म्हणाला, "भगिनी, तीन रविवार आम्ही ईश्वराजवळ एका सुगरणीची याचना करीत होतो. आज त्याने आपणांस धाडिले!"

"मला कुनी धाडलं न्हाई, साहेब! मी भांडायला आलेय!"

"त्याचे मार्ग अगम्य आहेत," तो म्हणाला. आणि तिथंच डोळे मिटून, हात जोडून माझ्या नावानं प्रार्थना सुरू! सगळ्यांनी डोळे मिटले. आता समोर माणूस हात जोडतो आहे, देवाचं नाव घेतो आहे, तर आपले हात काय कमरेवर ठेवायचे? सवयीनं जोडले मीही.

"आमेन!" असा गजर झाला. मी डोळे उघडले, तर लिंबाखाली कुणी नव्हतं. साक्षीदार पेठेकडं पळत सुटले होते.

मी घरी पोचले तोवर अर्धी पेठ माझ्या दारात. मागं चंद्रव्वा आणि तिची लेकरं. ऊन, धूर आणि ओरडणं, घशाला नुसती कोरड पडलेली. मी पायरीवर बसले. "पार्वती, पानी आन गं."

पार्वती उंबऱ्यात आली. हात रिकामे.

"कुनाला, आत्याबाई?"

"मला! आनखी कुनाला?"

"तुमी मिशनचं खाल्लं म्हनं."

"खाल्लं न्हाई. चाखलं."

"गिळलं का थुकलं?"

आता मी फटकळ आहे, पण खोटं बोलत नाही. "गिळलं," म्हटलं.

बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. काशीबाई तर भिंतीला टेकून हसत होती.

पार्वती मात्र हसली नाही. अगदी नम्रपणे म्हणाली, "तुमीच कट्ट्यावर सांगितलं, कुनी का असंना म्हनून. मग तुमाला बी न्हाई, चंद्रव्वाला बी न्हाई, लेकरांना बी न्हाई. शब्द मागं घ्या, आत्ता घागर आनते."

"मी? शब्द मागं घेऊ?"

"न्हाई तर ह्या लेकरांनी जायचं कुटं?"

तोवर मल्लप्पा गिरणीतून आला. मला वाटलं, पोटचा पोर आहे, काहीतरी बोलेल. त्यानं माझ्याकडं बघितलं, बायकोकडं बघितलं आणि मुकाट्यानं आत गेला. आतून त्याच्या पाणी पिण्याचा आवाज आला, घट घट घट! पार रस्त्यापर्यंत ऐकू येत होता!

"घ्या की अक्का मागं," काशीबाई म्हणाली. "शब्दच तर हाय."

"तुजा असंल तसा, माजा न्हाई!"

चंद्रव्वाचा धाकटा माझ्या लुगड्याला धरून म्हणाला, "अव्वा, नीरू." कानडीत पाणी मागत होतं पोरगं. मला कुठं बघावं कळेना. त्या लेकराला माझ्याच घराच्या पायरीवर, माझ्याच शब्दानं तहानलेलं ठेवायचं? आणि पाणी द्यायचं तर सगळ्या पेठेदेखत मान खाली घालायची?

आणि तेव्हा माझं डोकं चाललं. वाचून शहाणी झालेली बाई मी! मी काय म्हणाले होते? माझ्या घरचं पाणी. माझ्या! मग घरच माझं नसलं तर?

वकिलाला सुचणार नाही असलं मला सुचलं. उठले. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि सगळ्यांदेखत पार्वतीपुढं धरला.

"धर! आजपासनं घर तुजं. कोठी तुजी, संदूक तुजी. माज्या घरचं पानी न्हाई ते न्हाईच! आता तुज्या घरचं दे."

आणि सगळीकडं नजर फिरवली. म्हटलं, आहे का कुणाची अक्कल अशी? शब्द जागच्या जागी आणि पाणी हातात!

पार्वतीनं तो जुडगा काय चपळाईनं घेतला! घार कोंबडीचं पिल्लू उचलते तसा. कमरेला लावला, आत गेली, तांब्या आणला. आधी लेकरांना, मग चंद्रव्वाला, आणि सगळ्यांत शेवटी मला. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

दिवेलागणीला गर्दी पांगली. मी हात पुढं केला. "आन त्या किल्ल्या."

"का?"

"का म्हंजे? तमाशा झाला, संपला. घर माजं हाय."

"घर तुमचं झालं की पानी बंद हुतंय, आत्याबाई," पार्वती भाजी चिरता चिरता म्हणाली. "आनि लेकरांचं बी. शब्द मागं घेता का?"

मी पुढं केलेला हात मागं घेतला. मल्लप्पा भिंतीकडं तोंड करून खांदे हलवत होता. रडत नव्हता तो.

शब्द मी घेतला नाही मागं. मेले तरी घेणार नव्हते! दुसऱ्या दिवसापासून रोज माळावर जात होते. पाऊस येऊन माणसं आपापल्या गावी परतेपर्यंत तिथली आमटी मीच केली. चंद्रव्वानं घमेली उचलली, खोल्यांवर छप्पर चढलं, आणि साहेबही पुढं पुढं तिसरी वाटी मागायला लागला. पण त्या पहिल्या सकाळचं सांगते. माळावर न्यायला शेंगदाण्याचा कूट हवा होता, म्हणून कोठीपाशी गेले. कोठीला कुलूप. पार्वतीला हाक मारावी लागली. ती आली, कुलूप उघडलं, वाटीभर कूट मोजून माझ्या पदरात घातला आणि म्हणाली, "बेतानं वापरा. आनि येताना उशीर करू नका, वाट बघाया लागती."

"व्हय," मी म्हटलं.

आणि बाहेर पेठेत सगळीकडं एकच कुजबुज, मिशनचं खाल्लं, अक्का ख्रिस्ती झाली! अहो, कसली ख्रिस्ती अन् कसलं काय! सून झाले मी, सून! आणि तीही माझ्याच सुनेची!