मामेसासऱ्यांचा समुद्र

आमच्या कारंजा लाडात समुद्रावर जेवढं बोलणं झालं आहे, तेवढं अख्ख्या कोकणपट्टीत झालं नसेल. आणि ते सगळं एकट्या माझ्या मामेसासऱ्यांनी केलं आहे. त्यांचं कापडाचं दुकान आहे आणि परवापरवापर्यंत त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे अडाण धरण. पण कुठल्याशा जुन्या मासिकात त्यांनी वाचलं, की पूर्वी विलायतेतले डॉक्टर दुखणेकऱ्यांना औषधाऐवजी समुद्रस्नान लिहून देत, आणि तेव्हापासून आमच्या घराण्याची शांतता गेली. गिऱ्हाईक ब्लाऊजपीस मागायला यावं आणि चाकांच्या लाकडी खोल्यांची हकीकत ऐकून जावं. त्या खोल्या घोडे पाण्यात ओढून नेत आणि बायका आतल्या आत कपडे बदलून मागच्या दाराने लाटेत उतरत. शेलूबाजारच्या एका लग्नात तर त्यांनी भटजींनाच धरलं. नवरी हार घेऊन ताटकळलेली, आणि हे सांगताहेत, "महाराज, थे लोक ऐन थंडीत बुडी मारत, अन् वरून गिलासभर खारं पाणी पेत!"

मामींचे गुडघे दुखत, म्हणून प्रयोग सगळे त्यांच्यावर. एकदा मामांनी घराच्या वरच्या टाकीतच खडेमिठाचं पोतं रिकामं केलं. चहा खारट, वरण खारट, देवपूजेचं पाणीही खारट. भाडेकरू भांडायला आले तर त्यांनाच म्हणाले, "फुकटात इलाज होऊन राह्यला, अन् तुमी बोंबलता कायले?" मामी भाडेकरूंना एवढंच म्हणाल्या, "आंघोळीले घागर भरून देते मी शेजारून. गुडघ्याचं मंग पाहू."

शेवटी मी वैतागून दोघांना कोकणात घेऊन गेलो. म्हटलं, एकदा दाखवावा तो समुद्र आणि कटकट मिटवावी. रेल्वेच्या डब्यात मामांनी अनोळखी लोकांना उपदेश केला: पहिल्या दिवशी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, छातीपर्यंत जायचं ते सवय झाल्यावरच. मी खिडकीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं.

किनाऱ्यावर पोचलो आणि मामा गप्प झाले. इतके गप्प, की मलाच काळजी वाटली. बराच वेळ लाटांकडे पाहून त्यांनी हळूच विचारलं, "जवाईबापू, हे बंद कवा होते?"

"बंद होत नाही, मामा."

"रातीले बी?"

"रात्रीही नाही."

मी बळेच त्यांना पाण्यापर्यंत नेलं. लाट मागे फिरली, तळव्याखालची वाळू सरकली आणि त्यांनी माझा शर्ट असा घट्ट धरला की गुंडी तुटली. "जमीन चालली ना बापा!" म्हणत ते परत कोरड्या वाळूवर जाऊन बसले. आणि मामी? त्यांनी शांतपणे चपला काढल्या, पदर खोचला आणि कुणाला न विचारता पाण्यात शिरल्या. गुडघे बुडाले तरी त्या थांबल्या नाहीत. कमरेइतक्या पाण्यात, प्रत्येक लाटेला खुशाल अंग देत उभ्या राहिल्या. मामा वाळूतून ओरडत होते, "बस्स झालं! ये आता!" मामींनी मागे वळूनही पाहिलं नाही.

मामींचे गुडघे अजून दुखतातच. मामांनी मात्र परत आल्यावर स्वतःच्या पोहण्याच्या अशा कथा सांगितल्या, की मला दुकानासमोरून जायची लाज वाटू लागली.

परवा संध्याकाळी त्यांनी मला हाक मारून बसवलं. गिऱ्हाईक नव्हतं. आता पुन्हा घोडे आणि लाकडी खोल्या येणार, म्हणून मी मनातल्या मनात निघायचं निमित्त शोधत होतो. ते एका साडीची घडी घालत होते.

"तुमची मामी पाण्यात उभी होती ना, जवाईबापू," ते खालमानेने म्हणाले, "तवा थे हासून राह्यली होती, मले बाजूनं दिसलं. एकटीच. एवढा संसार झाला, पण म्या तिले घरात असं हासताना कवा पाह्यलं नाही."

त्यांची घडी चुकली होती. त्यांनी साडी पुन्हा उलगडली आणि पहिल्यापासून घालायला घेतली.