मयुरीचा गोरा फोटो

श्रीहरीभाऊ गेला. लोकं म्हनतात बिमारीनं गेला, पन घरच्याईले मालूम आहे तो कवाचा गेला होता.

गोंडपिपरीच्या बसस्टँडमागं त्याचा फोटो स्टुडिओ होता. एक खोली, एक रंगवलेला पडदा, बस. पन लग्नाचा फोटो म्हटलं का त्याचंच नाव. आधी तो मांडव पाहून घे. भर उन्हातलं लग्न असन तं शंभर नंबरचा रोल. सांजेचं असन, लाईटीचा भरोसा नाई, तं चारशेचा, तो कमी उजेडात चालते. अन् चारशेचा टाकून जवळून फ्लॅश मारला का चेहरा पांढराफट होते, नाक-डोळे धुवून जातात.

लोकाईले तेच पाह्यजे राहे. "भाऊ, पोरगी गोरी आली पाह्यजे." तो हसे. "देवानं देल्ला रंग मी काऊन खोडू?" म्हने, अन् आपल्याच मनानं रोल टाके.

मंग दोन हजार एक साली त्याच्याच घरी लग्न आलं. एकुलती एक मयुरी. रंगानं काळीसावळी, हसली का गालावर खड्डा पडे. पोरगा मोहर्लीकडचा रोशन. त्याचा बाप नथ्थू साखरपुड्यातच साऱ्यासमोर बोलला, "इवाई, तुमी फोटोवाले आहा. सुनेले फोटोत तरी गोरी करा. आमच्या भावकीत अल्बम फिरते."

पाहुने खीखी हसले. मयुरी खाली मान घालून बसली होती.

कन्यादानाले बापाले बसा लागते, म्हनून फोटो काढाले बल्लारपूरचा वाजिद आला, जुना दोस्त. दुपारचं लग्न, ऊन असं का डोळे उघडवेना. श्रीहरीभाऊनं त्याच्या हातात चारशेचा रोल ठेवला. "जवळून मार. फ्लॅश पुरा."

"पागल झाला का भाऊ? भर दुपारी चारशे? बच्चीचा चेहरा उडून जाईन."

"उडू दे वाजिद. पोरगी नांदली पाह्यजे."

वाजिदनं रोल भरला अन् सांगतलं तसं केलं.

अल्बम पाहून नथ्थू खुश. पन सासू मयुरीले रोज म्हने, "तुह्या बापानं फोटोत तं गोरी केली, घरात कोन करन?" दोन वर्सांनं पोरीले कावीळ झाली. सासरचे झाडपाला देत राह्यले, बापाले कळवलं तवा सारं संपलं होतं.

तेरवीले फोटो पाह्यजे. श्रीहरीभाऊनं घर पालथं घातलं. साऱ्या मुलखाच्या पोरी त्याच्या कपाटात होत्या, आपलीच नव्हती. घरच्यावर रोल कोन खराब करते? लग्नाची निगेटिव्ह घेऊन चंद्रपूरच्या लॅबमंदी गेला, "गडद करून द्या" म्हने. गडद केला तं चेहरा राखेवानी झाला.

सासरच्याईनं तोच गोरा फोटो फ्रेम करून आनला. मयुरीची माय, इंदुताई, हातात फुलं घेऊन उभी राह्यली अन् म्हने, "हे कोनाची पोर आहे वो? माह्या मयुरीले आना." फुलं काई तिनं वाहले नाई.

वर्स नाई झालं तं नथ्थू स्टुडिओत हजर. रोशनचं दुसरं जमलं होतं. चहा पेला अन् म्हने, "राग नका धरू इवाई. पन तुमच्यासारखा गोरा फोटो या भागात कोनी काढत नाई."

श्रीहरीभाऊनं इचारलं, "नव्या पोरीले माय आहे का?"

"आहे नं. काऊन?"

"तिच्या मायले सांग, लग्नाच्या पयले पोरीचा एक फोटो घरी काढून ठेव म्हना. जशी आहे तशी."

"शुभ कामात असं अभद्र काऊन बोलता?" म्हनत नथ्थू उठून गेला.

तो काय सांगते तिच्या मायले? मंग श्रीहरीभाऊच कॅमेरा घेऊन बसनं त्या पोरीच्या गावले गेला. पोरगी आंगनात तांदूळ निवडत होती. तो कोन हे कळलं तसा तिचा बाप फाटकातच आडवा झाला.

"तुही तं गेली. आता आमच्या पोरीले नजर लावाले आला का बे?"

पोरगी सूप उचलून घरात पळाली. श्रीहरीभाऊनं गळ्यातला कॅमेरा काढून थैलीत टाकला अन् फाट्यावर परतीच्या बसची वाट पाहत बसला.