पाचवा गिअर

ओवे गावच्या दयाराम घरतने गाडी घेतली ती पळवायला, आणि नेमकं तेवढंच त्याला कुणी करू दिलं नाही.

तो डंपर चालवायचा तेव्हाची गोष्ट. एका शेटच्या फार्महाऊसवर रेती टाकायला गेला आणि ताडपत्रीखाली त्याला ती दिसली. लांब नाकाची, दोनच माणसांची डॅटसन. शेट नैरोबीचं दुकान आवरून परतला तेव्हा बोटीने तिलाही घेऊन आला होता. अशाच गाडीने तिकडची धुळीचिखलाची मोठी मोटार-रॅली दोनदा मारली होती, हे तो आल्यागेल्याला ऐकवायचा. पाचव्या गिअरला म्हणे माणूस सीटलाच चिकटतो. दयारामच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. पुढे कित्येक वर्षं तो शेटला "विकताय का?" विचारत राहिला आणि शेट हसून चहा पाजत राहिला. एक्याण्णव साली शेटचे गुडघे गेले, क्लच दाबवेना, तेव्हा कुठे त्याने किल्ली हातावर ठेवली. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यातून गावाने बंगले बांधले, टेम्पो घेतले. दयारामने ही घेतली.

गाडी दारात आली त्याच आठवड्यात भावकीत लग्न निघालं. नवरदेवाला गाडी दयारामचीच पाहिजे! दयाराम भिडस्त, आणि त्याची बायको हौसा त्याच्याआधी हो म्हणून मोकळी. "चार लोक मागतान, ही काय वायट गोष्ट हाय?" असं वर तिचं.

वरातीत गाडी चालत नाही, सरकते. पुढे बेंजो, त्याच्यापुढे नाचणारे, आणि नाचणाऱ्यांना घाई कसली? क्लच अर्धा दाबून, पहिल्या गिअरवर दोन-दोन तास. एवढ्या जातीच्या गाडीला म्हातारीच्या चालीने हाकायचं! एका हंगामात क्लच प्लेट जळून जायची. नवी प्लेट शेटचा पुतण्या नैरोबीहून धाडायचा. ती येईपर्यंत पाऊस लागायचा आणि गावच्या खड्ड्यांत गाडीचं पोट टेकायचं. दिवाळीला खड्डे बुजायचे, तर तुळशीपाठोपाठ माणसांची लग्नं तयार. दयाराम वैतागून नुसता गाडी पुसत बसायचा. पाच वर्षांत तिसरा गिअर लागल्याचं त्याला आठवत नव्हतं.

मग पुतण्याचा निरोप आला. ही प्लेट शेवटची, आता तिकडेही मिळत नाही.

ती बसवून होते न होते तोच थोरला चुलतभाऊ गोमा दारात हजर. "दयाराम, माज्या नीलेशचं लगीन हाय. गाडी तुजी."

"नाय, दादा." दयाराम आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणाला. "ही प्लेट जळली तं गाडी खलास. मना एकदा हायवेला पलवाची हाय, बस."

"मंग पलव ना! वेशीपरंत बेंजो. पुढं आमी सगली टेम्पोत. तू नीलेशला घेऊन सुसाट रोडपालीला नवरीच्या दारात जा."

दयाराम विरघळला. त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

वरात निघाली. शेजारी मुंडावळ्या बांधलेला नीलेश, मागच्या काचेखाली वळकटीसारखी कोंबलेली करवली संजना. वेस आली. कुणी थांबेना. "एकच गाणं," गोमा ओरडला. मग त्याच्या मेव्हण्यासाठी एक, मग नाचायच्या राहिलेल्या मामीसाठी एक. गाडीत जळका वास सुटला. दयारामने हॉर्न दाबला, तर पोरं हॉर्नवरही नाचली. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण नवरदेव शेजारी, शिवी तरी कशी घालणार?

शेवटी सगळे टेम्पोत चढले. समोर मोकळा हायवे. दयारामने मोठा श्वास घेतला, गिअर टाकला, पेट्रोल दाबलं. इंजिन गरजलं. गाडी हलली नाही. दुसरा टाकला, तिसरा टाकला, आणि मग पाचवाही टाकून पाहिला. नुसती डरकाळी.

त्याने इंजिन बंद केलं. डोळ्यांत पाणी आलं ते नीलेशने पाहिलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

टेम्पोतून पोरं धडाधड उतरली. मागून दहा-बारा हात लागले, गाडी सरकू लागली आणि बेंजो पुन्हा सुरू झाला.

खिडकीशी चालता चालता गोमाने आत डोकं घातलं. चेहरा आनंदाने फुललेला. "ह्ये तं झ्याक झालं, दयाराम! इंजिनाचा आवाज नाय, गाणं कसं नीट आयकू येतं. परवा काशिरामच्या पोराच्या लग्नालाबी आशीच ढकलू."

दयारामने स्टिअरिंग सरळ धरलं.