येशूचा पार्ट काकांना

अरे ऐका ना! इथे आखातात मला रोज मुसफ्फाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपला सोडणारे वसईचे काका आहेत ना, त्यांच्या गाडीत हॉर्नच्या आधी शिवी वाजते. आणि चर्चच्या क्वायरने बसवलेल्या तीनशे वर्षं जुन्या जर्मन कँटाटात, म्हणजे चर्चच्या समूहगानात, येशूचा पार्ट कोणाला? काकांना! कारण येशू तिथे खर्जात गातो.

काका म्हणाले, "कार्यक्रमापर्यंत एक जरी शिवी गेली, तर पार्ट सोडला."

काल राउंडअबाउटला एक पिकअपवाला आडवा घुसला. काकांनी ब्रेक दाबला, काच खाली केली, तोंड उघडलं. मला वाटलं, खलास, गेला पार्ट! तर काका जर्मनमध्ये गरजले, येशूच्या पार्टातली अख्खी ओळ, एकदम सुरात!

"सॉरी हबीबी, सॉरी!" म्हणत तो पळालाच.

"काका, अर्थ काय हो याचा?"

काका दात आवळून म्हणाले, "घाबरू नकोस, मी तुझ्याजवळ आहे."