गायकवाड सरांचा प्रीअ‍ॅम्प

ऑडिओचा नाद असलेली माणसं वस्तू एकच घेतात, पण ती घेईपर्यंत सांगण्यासारखं इतकं साठतं की वस्तू राहते बाजूला! आमचंही तेच झालं. मी सणसवाडीच्या एका कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला. साळुंखेमामा दौंडचे, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले. आणि शिरूरचे गायकवाड सर, गणिताचे मास्तर, तेही रिटायर. सरांनी ठरवलं, एक हाय-एंड प्रीअ‍ॅम्प घ्यायचा. एकदाच. पुन्हा बदलायचा नाही.

तो घरात यायला आठ महिने लागले.

*

पहिला प्रश्न काकूंचा. म्हणजे सरांच्या मिसेस. "अ‍ॅम्प्लिफायर तर आहे की घरात. मग हे आणखी काय?"

सरांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. "तो पॉवर अ‍ॅम्प. म्हणजे पीटीचे सर. ओरडायची ताकद त्यांची. पण कोणी बोलायचं आणि किती आवाजात, हे ठरवणारा हेडमास्तर लागतो. तो प्रीअ‍ॅम्प."

काकू शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे घरात अजून एक हेडमास्तर!"

*

मग पुण्याचं एक मोठं शोरूम. गुबगुबीत सोफा, थंडगार एसी. सेल्समननं कुठल्यातरी परदेशी बाईचं गाणं लावलं आणि आमच्या तोंडाकडे बघत बसला. गाणं चांगलंच होतं. ते संपल्यावर सरांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्यात भीमगीतं. ढोलकी, हार्मोनियम, मागं टाळ्यांचा कोरस.

सेल्समन जरा अवघडला. "सर, हे मशीन अशा गाण्यांसाठी नाहीये."

सरांनी पेन ड्राइव्ह परत खिशात टाकला. "मग मशीन कमी पडतंय. चला रे!"

जिना उतरताना मामा म्हणाले, "मास्तर, चहा तरी पिऊ द्यायचा व्हता!"

*

मामांचा ओढा व्हॉल्व्हच्या प्रीअ‍ॅम्पकडे. जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह, आत नारंगी उजेड. कुणा मित्राकडून त्यांनी एक आठवडाभरासाठी आणला आणि आम्हाला दौंडला बोलावलं. आवाज काय सांगू! गोड, नुसता मधासारखा. पण मामांचं घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर. गाडी गेली की जमीन हलायची, व्हॉल्व्ह थरथरायचे आणि स्पीकरमधून बारीक 'टिंऽऽग' यायचं.

मामा डोळे मिटून ऐकत होते. टिंग झालं. "मालगाडी हाय," ते म्हणाले. "भरलेली."

मी खिडकीतून बघितलं. खरंच भरलेली!

"असलं मशीन दुसरीकडं मिळंल का?" मामांनी अभिमानानं विचारलं.

*

शेवटी दोन मशीनं उरली. सरांच्या घरी रविवारी सकाळी परीक्षा ठेवली. दोन्हींवर चादर टाकली आणि आलटून पालटून मी जोडत गेलो. आवाजाची पातळी मीटरनं मोजून सारखी केलेली. मामा म्हणाले पहिलं, सर म्हणाले दुसरं, पुढच्या फेरीत दोघांनी बाजू बदलल्या. भांडण पेटलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू, "आत्ताच्यात ढोलकीला कातडं आहे. मघाशी पत्रा होता."

अजून तीन फेऱ्या घेतल्या. काकूंनी भाकरी थापता थापता तिन्ही वेळा बरोबर सांगितलं. मामांनी हात टेकले. "वहिनी, पुढच्या टायमाला फक्त तुमीच चला!"

*

कातडंवालं मशीन मी सरांपुढे आणलं. त्यांनी चष्मा लावून समोरची पट्टी निरखली. "बॅलन्सचं बटण कुठंय? डावं-उजवं कमीजास्त करायचं?"

"सर, हाय-एंडमध्ये बऱ्याचदा ते देत नाहीत. मध्ये जितकं कमी, तितका आवाज शुद्ध."

"मशीन शुद्ध असेल रे. माझा डावा कान नाही."

इतकी वर्षं सर कायम त्या एकाच खुर्चीत बसायचे, डाव्या स्पीकरच्या जवळ. आम्हाला वाटायचं, यजमानाची जागा!

मग ते बनवणाऱ्या पुण्याच्या इंजिनिअरकडे आम्ही तिघंही गेलो. तो एकेक नग हातानं जोडायचा. बॅलन्सचं नाव काढताच त्यानं मान हलवली. सर त्याच्यासमोर बसले आणि म्हणाले, "मला दोन्ही बाजूंनी गाणं ऐकायचंय. एवढंच."

त्यानं बटण बसवून दिलं. पहिल्या दिवशी सरांनी ते जरासं फिरवलं, खुर्ची उचलून बरोबर मध्ये ठेवली आणि तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

*

पण सगळ्यात भारी त्यानंतरचं.

सरांचे वडील भीमगीतांच्या गायन पार्टीचे प्रमुख. सगळे त्यांना दादा म्हणायचे. दादा जाऊन खूप वर्षं झाली. त्यांच्या रिहर्सलची एकच कॅसेट उरलेली. जुन्या टेपवर दोन गाण्यांच्या मध्ये नुसती खरखर यायची.

दादांबरोबर ढोलकी वाजवणारे पांडूआप्पा कासुर्डीला असतात. ऐंशी पार केलेले, हातात काठी. सर त्यांना गाडीनं घेऊन आले, समोर बसवलं आणि टेप नव्या प्रीअ‍ॅम्पला जोडून कॅसेट लावली.

पहिलं गाणं झालं. सरांनी आवाज थोडा वाढवला. खरखरीच्या आतून कुणीतरी खोकलं. हार्मोनियमचा भाता सुस्कारला. आणि खणखणीत आवाज आला, "ए पांडू, पळतोस कुठं? गाणं मागं ऱ्हायलं. ठेका धर!"

सरांचा हात बटणावरच थांबला.

आप्पा ताठ बसले. काठी बाजूला ठेवली. दोन्ही तळवे मांडीवर घेतले.

"व्हय दादा," ते म्हणाले.

दुसरं गाणं सुरू झालं, आणि आप्पांनी ठेका धरला.