उजव्या बाजूचा खिसा

शिवणाच्या दुकानात किस्से जमवावे लागत नाहीत. चिंध्यांसारखे आपोआप पायाशी साचतात. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी पुन्हा तेवढेच!

मी वाशीमच्या बाजारात रफीकचाचांच्या दुकानात बसते. एका कोपऱ्यात माझं मशीन, साड्यांना फॉल-पिको करते. चाचा लेडीज-जेन्ट्स दोन्ही शिवतात. हाताला नाव ठेवायला जागा नाही. पण त्यांच्या मनात एक गोष्ट कायमची सलते, आणि चहाच्या कपाबरोबर ती मला ऐकवल्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही.

"सुनंदा, सारी जिंदगी दुसऱ्याचे फोटो पाहून शिवलं म्या. एकदा तरी कोणी म्हणावं ना, चाचा, तुमच्या मनचं शिवा."

कोण म्हणणार? आजकाल गिऱ्हाईक कापडाच्या आधी मोबाइल काउंटरवर ठेवतं. त्यात कोणती तरी हिरोईन असते आणि तोंडी ऑर्डर ठरलेली, सेम टू सेम!

एका मास्तरीणबाईंना मालिकेतल्या सुनेचं ब्लाऊज हवं होतं. भावाचं लग्न तोंडावर आलेलं. फोटो होता तो समोरचा. चाचांनी पुढचा भाग बेतला आणि अडले, पाठीचं काय? बाई म्हणाल्या, आजचा एपिसोड पाहून सांगते.

आता मालिकेतल्या बाया कधी पाठ फिरवतात का? सासू बोलणार ती समोरून, नणंद कारस्थान करणार तीही समोरून. दिवस चालले आणि ब्लाऊज तसंच अर्धं. शेवटी मशिनी बंद करून आम्ही सगळेच दुकानात ती मालिका पाहायला बसलो. एका दुपारी सुनेला घराबाहेर काढलं. काय तो प्रसंग! मास्तरीणबाईंनी डोळ्याला पदर लावला, मलाही हुंदका आला. सून रडत रडत दाराकडे वळली आणि चाचा ओरडले, "रोको, रोको! पाठीले डोरी हाय!"

दुसरी गोष्ट रिठदच्या आजींची. त्यांच्या नातीनं लग्नासाठी फिका गुलाबी लेहेंगा शिवून घेतला. हल्ली सिनेमातल्या नट्या लग्नात लाल नेसतच नाहीत, मग आमच्या पोरी कशाला नेसतील? चाचांनी जीव ओतून शिवला. पोरगी खुशीत घेऊन गेली. दोन दिवसांनी आजी एकट्याच आल्या, बगलेत पिशवी, पिशवीत लेहेंगा. आवाज खाली करून सांगू लागल्या की कापडवाल्यानं पोरीला फसवलं, उन्हात विटलेला माल गळ्यात मारला. पोरीला काही बोलल्या नव्हत्या, तिचं मन मोडेल म्हणून. फक्त गुपचूप लाल रंगवून पाहिजे होता.

चाचांनी परोपरीनं समजावलं की आजी, ही फॅशन आहे, मोठमोठ्या नट्यांनी असाच घातला.

"घातला असन," आजी म्हणाल्या, "त्यायच्या घरी कोणी सांगणारं नसन."

पण खरा किस्सा जॅकेटाचा आहे, तो ऐका.

जयंतीच्या मिरवणुकीला आमच्या वॉर्डातल्या पोट्ट्यांना एका रॅपरच्या व्हिडिओतलं निळ्या सॅटिनचं जॅकेट हवं होतं. सगळ्यांना एकसारखं. त्यांचा म्होरक्या प्रशिक, बँकेत नोकरीला आहे. नागपूरच्या मित्राकडे तसलं जॅकेट होतं. यानं ते अंगात घातलं, सेल्फी काढला आणि चाचांना पाठवला. चाचांनी जसं दिसलं तसं शिवलं.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी प्रशिक घ्यायला आला. जॅकेट घातलं, छातीवरच्या खिशात मोबाइल टाकायला हात डावीकडे नेला, तर खिसाच नाही! खिसा उजवीकडे. एकूण एक जॅकेटाला उजवीकडे. सेल्फीत डावं ते उजवं दिसतं, हे ना चाचांच्या ध्यानात आलं ना माझ्या.

प्रशिक असा तापला की बोलायची सोय नाही. लोक हसतील, म्हणाला. खिसे उसवावेत तर सॅटिनवर टाक्यांची भोकं राहणार. नवं शिवायला कापड नाही, वेळ नाही. चाचा एकेक खिसा चाचपत बसले. मला त्यांच्याकडे पाहवेना.

मग ते उठले आणि माझी पिशवी उचलली. नऊवारी फाडून कोणी ड्रेस शिवायला टाकला की उरलेले काठ मी त्या पिशवीत ठेवते. त्यातला एक जरीकाठ काढून त्यांनी खिशावर ठेवला, तिरपा.

"खिसा लपवाचा नाइ," ते म्हणाले, "लोकायनं पहिले तोच पाह्यला पाह्यजे."

प्रत्येक खिशावर वेगळा काठ लागला. हिरवा, जांभळा, मोरपंखी. कोणाच्या आजीची नऊवारी कोणाच्या छातीवर! पोट्ट्यांनी आधी नाकं मुरडली, पण मिरवणुकीत त्या काठांवर ऊन पडलं आणि काय झळकले म्हणता! मिरवणुकीची रील गावोगाव फिरली. मला वाटलं, आता चाचांचे दिवस आले. पण त्यानंतर जो येई तो रॅपरचंच जॅकेट मागे. काठ नको, म्हणे.

पुढे एकदा मी मोबाइल पाहत होते. मुंबईतला मोठा फॅशन शो, रॅम्पवर उंच मॉडेल, अंगात निळ्या सॅटिनचं जॅकेट. खिसा उजवीकडे. त्यावर नऊवारीचा काठ, तिरपा! मी अशी ओरडले की शेजारचा भांडीवाला धावत आला. प्रशिकला फोन केला, तोही बँकेतून सुटल्या सुटल्या आला आणि भांडायलाच निघाला. व्हिडिओखाली भलं मोठं काहीतरी लिहायला बसला. चाचांनी त्याचा हात धरला.

"आपुन तरी कोणाचं पाहूनच शिवलं होतं ना बापा?"

मग त्यांनी व्हिडिओ थांबवला, जॅकेट मोठं केलं आणि खिशावर बोट टेकवलं.

"खिसा मात्र माहा होता," एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. मला असा राग आला होता त्या मुंबईवाल्यांचा, काय सांगू.

आणि ही परवाची गोष्ट. आसेगावच्या एका नवरदेवाला घेऊन त्याची बहीण दुकानात आली. मोबाइल काउंटरवर ठेवला. रॅम्पवरचं तेच जॅकेट! मुंबईच्या मोठ्या डिझायनरचं आहे, म्हणाली, संगीतात भावाला घालायचं आहे. वाशीमात जमेल का याची तिला शंकाच होती, पण अकोल्याला जायला सवड नव्हती. मी बोलायला तोंड उघडलं, तर चाचांनी डोळ्यांनीच गप्प केलं. गळ्यातली टेप काढून नवरदेवाच्या छातीला लावली.

"खिसा डावीकडं घेऊ का बेटा? मोबाइल ठेवाले बरं पडते."

"नाइ नाइ चाचा, तेच तर सारं डिझाइन हाय," ती घाईघाईनं म्हणाली. "सेम टू सेम पाह्यजे. फक्त एक करा, तुमच्या मनचं काही करू नका."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मग वाकून माझ्या पायाशी ठेवलेली काठांची पिशवी उचलली.

"नाइ बेटा," ते म्हणाले, "माह्या मनचा एक टाका नाइ."