जिनातली पंजांची भिंत

दसऱ्यानंतरचा सोमवार, १९६२. हजर: मी, माझा धाकटा दीर, मिस्त्रीचाचा आणि जिनात काम केलेल्या बायांची म्होरकी.

दिग्रसची आमची जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, बंद पडली होती आणि दीर तिचं हॉटेल करणार होता. दगडी दालन उंच, खिडक्या पार छपराखाली, रुईची धूळ वर निघून जावी म्हणून. पूर्वेच्या भिंतीवर कुंकवाचे पंजे होते. दर हंगामाला यंत्र सुरू होण्याआधी बाया तिथे हात उमटवत.

म्होरकी म्हणाली, "बाकी काय बी करा, हे पंजायची भीत राहू द्या. माह्या मायचा हात हाये तिथं."

दीर हसला. "मावशी, तुह्या मायले मी कायले हाकलू? तिच्यासमोरच पाहुण्यायले जेवू घालतो."

त्या शब्दावर मी बायांना कामाला लावलं. मजुरी न घेता त्यांनी तुळयांवरची जुनी रुई झाडून दिली.

मी खाटा आणायला यवतमाळला गेले. परतले तर पंजांची भिंत चुन्याच्या गिलाव्याने पांढरी झालेली. चाचा मान खाली घालून थापी धूत होते.

"वहिनी, पाहुण्यायले ते रक्ताचे हात वाटले असते," दीर म्हणाला.

"मग शब्द काहून दिला?"

"नाहीतर बाया फुकट झाडायले आल्या असत्या का?"

उद्घाटनाचं आमंत्रण बायांना द्यायचं काम त्याने माझ्याकडेच दिलं. खाटा, गाद्या, कंदील, सगळं मी वेळेत उरकलं. ते आमंत्रण अजून द्यायचं आहे.